किड्यांचा हजेरीपट



ज्याचे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले त्याने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून किड्यांविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. दहावीनंतर जे काही वाचले ते वाचनालयात बसून आणि एस.टी.च्या प्रवासात वाचले. परंतु नोंद कशी ठेवावी, ती कोणी ठेवावी आणि ठेवलेली नोंद कोणाच्या हाती राहावी, हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे, आणि आजच्या विषयाचा गाभाही तोच आहे. सामान्य नागरिकांनी आपला नोकरीधंदा सांभाळून, मोबदला न घेता, शास्त्राच्या उपयोगी पडतील अशी निरीक्षणे करावयाची, या कामाला हल्ली ‘नागरिक विज्ञान’ असे नाव मिळाले आहे. त्यातील एका शाखेविषयी, म्हणजे आपल्या परिसरातील कीटकांच्या पाहणीविषयी, मी आज बोलणार आहे.

प्रथम एक साधा प्रश्न. या मांडवातील दिव्यांकडे एकवार पाहा. पन्नाशी गाठलेल्या कोणालाही आठवत असेल, की पहिला पाऊस पडून गेला की त्या संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्याखाली पंखवाल्या वाळवीचा खच पडत असे. जेवणाच्या ताटात किडे पडू नयेत म्हणून घरची माणसे दिव्याखाली पाण्याने भरलेली परात ठेवीत. आज तेवढे किडे दिसत नाहीत, असे पुष्कळजण म्हणतात. मग किडे कमी झाले, असे म्हणावे काय?

म्हणण्याची घाई करू नये. कारण मधल्या काळात दिवेही बदलले. पूर्वीच्या पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पुष्कळ बाहेर पडत आणि रात्रीचे कीटक त्यांच्याकडे खेचले जात. हल्लीच्या एल.ई.डी. दिव्यांतून ते किरण जवळजवळ निघतच नाहीत. तेव्हा दिव्याभोवती किडे कमी दिसतात याचा अर्थ किडे कमी झाले असाही होईल, किंवा दिवा बदलला एवढाच होईल. आपली आठवण खोटी नाही, पण ती पुरावा होत नाही. कारण तेव्हा मोजले कोणीच नव्हते, आणि आता मोजले तरी ते दुसऱ्याच दिव्याखाली मोजले जाईल.

एवढी एक अडचण नीट समजली, की कीटकांच्या पाहणीतले निम्मे शास्त्र समजले असे मी म्हणेन. या अडचणीतून वाट काढलेल्या एका हौशी मंडळाची हकीकत आता सांगतो.

क्रेफेल्डची हकीकत

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या जवळ क्रेफेल्ड नावाचे शहर आहे. मागावर काम करणाऱ्या आपल्या लोकांना जवळचे वाटावे असे ते गाव. रेशीम आणि मखमल यांच्या विणकामावर ते वाढले आणि आजही ‘मखमल आणि रेशमाचे शहर’ याच नावाने ओळखले जाते. रेशीम ही किड्याचीच देणगी, हेही ध्यानात असू द्यावे. या गावात १९०५ साली कीटकांच्या अभ्यासकांचे एक मंडळ स्थापन झाले. त्यात शास्त्र शिकलेले काही होते, पण पोटासाठी दुसरेच काम करून रविवारी कीटकांमागे फिरणारे हौशी लोकही पुष्कळ होते. मंडळाचा संग्रह गावातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे.

या मंडळाने १९८० च्या दशकात एक पद्धत ठरविली. आसपासच्या संरक्षित जागांत, म्हणजे जेथे निसर्ग राखून ठेवला आहे अशा कुरणांत, पाणथळींत आणि झुडपी रानांत, त्यांनी कापडी सापळे लावले. हा सापळा एखाद्या उघड्या तंबूसारखा असतो. उडता कीटक मधल्या पडद्याला आपटतो, अडथळा आला म्हणून वर चढतो आणि वरच्या कोपऱ्यातील मद्यार्काच्या बाटलीत पडतो. रेने मालेझ नावाच्या स्वीडिश कीटकतज्ज्ञाने १९३० च्या दशकात तो शोधून काढला. सफरीत आपल्या राहत्या तंबूत शिरलेले कीटक छताच्या कोपऱ्यात जमतात, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली होती.

सापळा नवा नव्हता. नवी होती ती मंडळाची शिस्त. प्रत्येक ठिकाणी सापळा त्याच मापाचा, त्याच कापडाचा, त्याच रंगाचा आणि त्याच रीतीने उभा केलेला. दहा-बारा दिवसांनी बाटली बदलावयाची आणि आतील माल तोलावयाचा. तोलण्यापूर्वी तो गाळणीवर निथळत ठेवावयाचा, आणि दोन थेंबांमधले अंतर पहिल्यांदा दहा सेकंदांहून जास्त झाले, की त्याच क्षणी तराजूत घालावयाचा. असा नेम का? कारण एकाने पाच मिनिटे निथळले आणि दुसऱ्याने अर्धा तास, तर दोघांची वजने एकमेकांशी ताडता येणार नाहीत. मापात पाप होते ते बहुधा अशा बारीक ठिकाणी होते. तोलून झाल्यावर माल फेकून द्यावयाचा नाही, बाटलीवर तारीख आणि जागा लिहून ठेवून द्यावयाचा.

या कामाचे तेव्हा कोणालाही कौतुक नव्हते. मेलेल्या किड्यांच्या बाटल्यांची रांग पाहून कोण टाळ्या वाजविणार? परंतु २०१३ साली मंडळाच्या लोकांनी, जेथे १९८९ साली सापळे लावले होते त्याच एका पाणथळ जागेत, तसेच सापळे पुन्हा लावले. बाटल्या तोलल्या तेव्हा वजन जवळजवळ ८० टक्क्यांनी उतरलेले निघाले. ते वर्षच वाईट असेल, अशी शंका प्रथम त्यांनी स्वतःच घेतली आणि दुसऱ्या वर्षी तेथेच पुन्हा सापळे लावले. फरक पडला नाही. मग जुन्या सगळ्या वह्या काढण्यात आल्या, आणि हॉलंडमधील नायमेगेन येथील विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांचा हिशोब केला.

ऑक्टोबर २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९८९ ते २०१६ या २७ वर्षांत, ६३ ठिकाणांहून १,५०३ नमुने घेतले होते, आणि त्या सगळ्यांचे वजन होते सुमारे ५३.५ किलो. म्हणजे एका क्विंटलच्या पोत्याच्या निम्मे! सत्तावीस वर्षांचा सारा माल एक हमाल पाठीवर घेऊन जाईल एवढा. पण त्याने सांगितले ते असे, की या ठिकाणी उडत्या कीटकांचे एकूण वजन ७६ टक्क्यांनी घटले आहे, आणि ऐन उन्हाळ्यात, म्हणजे तिकडे कीटकांची सुगी असते त्या दिवसांत, घट ८२ टक्के आहे. आणि ही घट राखून ठेवलेल्या जागांतली होती, कारखान्यांच्या परिसरातली नव्हे.

आकड्याने काय सांगितले आणि काय नाही

येथे थोडे थांबले पाहिजे. सभेत आकडा मिळाला की तो दुप्पट करून सांगण्याचा मोह आम्हा कार्यकर्त्यांना फार होतो, आणि त्यानेच आमचे पुष्कळ नुकसान झाले आहे.

हा आकडा वजनाचा आहे, जातींचा नाही. कोणती जात किती उरली हे वजनावरून कळत नाही. शिवाय ६३ पैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी सापळे एकाच वर्षी लागले होते, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणांची तुलना हिशोबाच्या आधाराने करावी लागली. शास्त्रज्ञांनी यावर आक्षेप घेतले आणि ते घेणे योग्यच होते. कारणाबद्दल म्हणाल तर, हवामानातील फरक आणि त्या जागांतील झाडझाडोऱ्यातील फरक एवढ्याने ही घट समजावता येत नाही, इतके त्या निबंधाने दाखविले. भोवतालच्या शेतीची पद्धत, तीतील औषधे आणि खते यांचा संशय त्याने बोलून दाखविला, पण सिद्ध झाले असे म्हटले नाही. आणि हा आकडा जर्मनीतील त्या जागांचा आहे. तो उचलून आपल्या तालुक्याला लावणे म्हणजे शेजारच्या कारखान्याचा हजेरीपट आणून आपल्या कारखान्याचा पगार वाटण्यासारखे आहे.

एवढी बंधने सांगूनही काय उरते? पुष्कळ उरते. त्यापूर्वी ‘किडे कमी झाले’ ही म्हाताऱ्यांची कुरकुर होती, त्यानंतर तो सार्वजनिक प्रश्न झाला. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात २०१९ च्या आरंभी ‘मधमाशा वाचवा’ म्हणून एक लोकमागणी पुढे आली. तिकडचा नियम असा, की दोन आठवड्यांच्या आत दहा टक्के मतदारांनी स्वतः नगरसभागृहात जाऊन सही केली पाहिजे. कडाक्याच्या थंडीत लोक रांगा लावून उभे राहिले. सह्या झाल्या सुमारे साडेसतरा लाख, म्हणजे १८ टक्क्यांहून अधिक, आणि त्याच वर्षी जुलैत तेथील विधिमंडळाने ती मागणी कायद्यात घेतली. हे सारे क्रेफेल्डच्या बाटल्यांनीच केले असे मी म्हणत नाही. पण हाती बाटल्या नसत्या, तर ‘पुरावा काय?’ या पहिल्याच प्रश्नाला लोकांची मागणी अडली असती.

‘पुरावा काय?’ हा प्रश्न माझ्या परिचयाचा आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका यंत्रमाग कारखान्यात हलके सूत येऊ लागले. धागा वारंवार तुटे, माग थांबे आणि मीटरवर मजुरी असलेल्या विणकराचा पगार उतरे. मालक म्हणे, सूत तेच आहे, माणसे आळशी झाली आहेत. सरकारी अधिकाऱ्यापुढे तारीख पडली तेव्हा आम्ही तावातावाने बोललो, पण हाती कागद नव्हता. शेवटी रात्रपाळीच्या एका अबोल विणकराने खिशातली वही काढली. पाळीत किती मीटर कापड निघाले आणि धागा किती वेळा तुटला, हे तो दोन वर्षे रोज लिहीत आला होता. अधिकाऱ्याने ती वही चाळली आणि विचारले, “ज्या दिवशी धागा तुटला नाही तोही दिवस लिहिला आहेस?” तो म्हणाला, “होय साहेब, तोही दिवस कामाचाच होता.” त्या वहीवर विश्वास बसला तो तिच्यात तक्रार होती म्हणून नव्हे. चांगले दिवसही तिच्यात तितक्याच इमानाने उतरविले होते म्हणून बसला.

शून्य आणि कोरी जागा

किड्यांच्या नोंदीचे मर्म हेच आहे. हजेरीपटात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक, गैरहजेरीची खूण; दुसरी, कोरा चौकोन. खूण म्हणजे मुकादमाने पाहिले आणि माणूस नव्हता. कोरा चौकोन म्हणजे मुकादमानेच पाहिले नाही. या दोहोंची गल्लत झाली की सगळा हजेरीपट वाया जातो. पाहणीला निघून एकही फुलपाखरू दिसले नाही तर वहीत शून्य लिहावे. पाहणीला निघालोच नाही तर जागा कोरी ठेवावी, आणि ती मागाहून आठवणीने भरू नये.

हौशी माणसाला शून्य लिहावयास फार जड जाते. त्याला दुर्मीळ काहीतरी सापडावयास हवे असते. हल्ली मोबाईलवर छायाचित्र काढून ते जागतिक संग्रहात पाठविण्याची उत्तम सोय झाली आहे. ‘आयनॅचरालिस्ट’ हा त्यातील एक संग्रह. तेथे आपण छायाचित्र, तारीख आणि जागा द्यावी. जाणकार नाव सुचवितात, आणि दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले की ती नोंद संशोधनाच्या दर्जाची मानली जाते. कोणता कीटक कोठे आढळतो हे कळण्यास हे फार चांगले साधन आहे. पण छायाचित्र दिसलेल्याचेच निघते, न दिसलेल्याचे निघत नाही. म्हणून घट झाली की वाढ झाली हे ठरविण्यास छायाचित्राच्या जोडीला नेमाची फेरी लागते.

अशा फेरीची रीत इंग्लंडमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी १९७३ पासून मंक्स वुड येथील संशोधन केंद्रात बसविली आणि १९७६ साली ती देशभर सुरू झाली. आज पन्नास वर्षे होत आली, स्वयंसेवक ती चालवीत आहेत. एक वाट ठरवावयाची. एप्रिल ते सप्टेंबर या २६ आठवड्यांत दर आठवड्याला तीवरून एकदा, सारख्या चालीने चालावयाचे. डावीकडे अडीच मीटर, उजवीकडे अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर, एवढ्याच चौकटीत दिसलेली फुलपाखरे मोजावयाची. पलीकडे कितीही सुंदर फुलपाखरू दिसले तरी ते हिशोबात धरावयाचे नाही. थंडी-वाऱ्यात फुलपाखरे उडत नाहीत, म्हणून अशा दिवशी फेरी काढावयाची नाही. एवढ्या चार नियमांनी शिक्षक, कारकून, निवृत्त टपालवाला यांच्या वह्या एकमेकींशी ताडण्याजोग्या होतात.

ज्यांना इतके जमत नाही त्यांच्यासाठी तेथे २०१० पासून उन्हाळ्यात पंधरा मिनिटांची गणना होते. २०२४ साली तीत ८५ हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. एका गणनेत सरासरी सात फुलपाखरे दिसली. आदल्या वर्षी ती बारा होती. सुमारे ९,००० गणनांत एकही फुलपाखरू दिसले नाही, आणि लोकांनी तसे कळविले. ते नऊ हजार लोक ‘काहीच दिसले नाही, काय कळवायचे?’ म्हणून गप्प बसले असते, तर सरासरी फुगली असती आणि ते वर्ष होते त्याहून बरे वाटले असते.

ही वेठ तर नव्हे?

आता माझ्याच मनातला एक आक्षेप. ज्याने आयुष्यभर बिनपगारी कामाला विरोध केला, त्याने लोकांना बिनपगारी कामाला लावावे काय? या लष्कराच्या भाकऱ्या आपण का भाजाव्या? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्या कामाला शिकलेला माणूस पगारावर नेमला पाहिजे ते काम ‘लोकसहभाग’ म्हणून फुकटात उरकण्याची युक्ती मी इतर खात्यांत पाहिली आहे. क्रेफेल्डच्या वह्यांनाही शेवटी हिशोब करणारे पगारी संशोधक लागलेच. स्वयंसेवक हा त्यांचा जोडीदार आहे, बदली कामगार नव्हे.

म्हणून माझ्या मते तीन अटी पाळाव्या. पहिली, नोंदीवर नोंद करणाऱ्याचे नाव राहिले पाहिजे. दुसरी, मूळ वही आपल्याजवळ ठेवावी, पाठवावयाची ती प्रत, आणि तिच्यावरून काय निष्कर्ष काढला हे आपल्याला कळले पाहिजे. तिसरी, आपल्या नोंदीचे निमित्त करून तज्ज्ञांच्या जागा कमी होता कामा नयेत. या अटी पाळल्या, तर ही वेठ राहत नाही. विणकराने आपली वही ठेवली ती मालकासाठी ठेवली नव्हती.

आणखी एक गोष्ट. नोंद करावयास सवड लागते, आणि सवड सर्वांना सारखी नसते. ज्या वस्तीत बागा आहेत, मोबाईल आहेत आणि रविवार मोकळा आहे, त्या वस्तीचा नकाशा ठिपक्यांनी भरतो. कारखान्यामागची वस्ती, नाल्याकाठची चाळ, तिथले चौकोन कोरे राहतात. पुढे कोणी तो नकाशा पाहून म्हणेल, येथे राखण्यासारखे काही नाहीच. म्हणून पंधरा मिनिटांच्या गणनेला मी फार मानतो. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळातही ती होते. आणि रात्रीच्या पतंगांच्या बाबतीत तर आमचा रात्रपाळीचा रखवालदारच सर्वांच्या पुढे आहे. फाटकावरच्या त्याच दिव्याखाली तो वर्षानुवर्षे बसतो. २०१२ पासून दर जुलैत जगभर पतंगांच्या पाहणीचा एक आठवडा पाळला जातो. त्यात त्याने आपली पांढरी भिंत मोजली तर कोणत्याही बंगल्यातल्या निरीक्षकाइकीच तिची किंमत आहे.

आपण काय करावे

आपल्या देशात शाळामास्तर, अधिकारी, व्यापारी यांनी फावल्या वेळात केलेल्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. १९५७ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने काढलेला भारतीय फुलपाखरांवरील ग्रंथ राजकोटच्या एका शिक्षकाने, विंटर-ब्लिथ यांनी, लिहिला होता. २०२० पासून दर सप्टेंबरात देशभर फुलपाखरांचा महिना पाळला जातो, आणि त्यात कोणालाही भाग घेता येतो. महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ म्हणजे राणी पाकोळी हे राज्याचे फुलपाखरू म्हणून निवडले. तेव्हा अगदी उघड्या माळावर आपण उभे नाही.

सुरुवात थोडक्यात करावी. घराजवळची, नेहमीच्या जाण्यायेण्याची दोन-तीनशे मीटरची वाट निवडावी. कढीपत्ता, लिंबू, रुई, बहावा यांपैकी काही झाडे तिच्यावर असली तर उत्तम. फुलपाखरू मध कोणत्याही फुलावरचा घेते, पण अंडी ठराविक झाडावरच घालते. लिंबू-कढीपत्त्यावर काळ्यापिवळ्या ठिपक्यांचे लिंबावरचे फुलपाखरू येते. त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून तिच्या वाटेला पक्षी जात नाहीत. रुईवर नारिंगी पंखांचे, टोकाशी काळेपांढरे फुलपाखरू येते. बहाव्यावर फिकट पिवळी, भराभर उडणारी येतात. एवढी तीन ओळखता आली तरी वही सुरू करण्यास हरकत नाही.

सकाळी ऊन पडल्यावर, दर आठवड्याला त्याच वारी, त्याच सुमारास पंधरा मिनिटे चालावे. वहीत तारीख, वेळ, ऊन की ढग, वारा किती, हे आधी लिहावे आणि मग आकडे. तेच फुलपाखरू उलटसुलट फिरत असेल तर एकदाच धरावे. नाव ठाऊक नसेल तर ‘पांढरे, मध्यम, नाव कळले नाही, ४’ असे लिहावे. चुकीच्या नावापेक्षा ही नोंद लाखपटीने बरी. जमल्यास पंख मिटलेले आणि उघडलेले अशी दोन्ही छायाचित्रे घ्यावी, म्हणजे जाणकाराला नाव सांगता येते. वाटेत नवे बांधकाम झाले, गवत कापले, फवारणी झाली, दिवा बदलला, तर तेही लिहावे. दिव्याची गोष्ट आपण आरंभी पाहिलीच आहे. आणि पकडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कित्येक फुलपाखरांना संरक्षण आहे, आणि आपल्या कामाला पकडण्याची गरजही नाही.

ही वही कोठे द्यावयाची? आयनॅचरालिस्टवर छायाचित्रे जातील. पण एक जागा आपल्या घराच्या अधिक जवळ आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमली पाहिजे आणि त्या समितीने स्थानिक लोकांच्या विचाराने लोक जैवविविधता नोंदवही तयार केली पाहिजे. आपल्या नगरपालिकेत जाऊन ती नोंदवही पाहावयास मागावी. तीत कीटकांचे पान आहे का, ते कोणी भरले, केव्हा भरले आणि गावात फिरून भरले की खुर्चीत बसून, हे विचारावे. पान कोरे असेल तर आपल्या वहीची प्रत अर्जासोबत द्यावी आणि पोच घ्यावी. पोच घेण्यास विसरू नये, हे मात्र माझ्या धंद्यातले शहाणपण आहे.

मी स्वतः चार वर्षांपूर्वी कारखान्याच्या फाटकापासून नाल्याच्या पुलापर्यंतची वाट धरली. माझ्या वहीत दुर्मीळ असे काही नाही. पुष्कळ शून्ये आहेत, आणि एका संपाच्या काळातल्या सात आठवड्यांच्या जागा कोऱ्या आहेत. त्या आठवड्यांत फुलपाखरे होती की नव्हती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. चार वर्षांच्या वहीवरून मी काही निष्कर्ष काढीत नाही. क्रेफेल्डच्या मंडळींना २४ वर्षांनी त्याच जागी परत जाता आले, कारण पहिल्या वर्षी कोणीतरी तराजू धरला होता. आपल्या गावचे पहिले वर्ष अजून कोणी लिहिलेले नाही. महिन्या-दीड महिन्याने पाऊस येईल. त्याआधी ज्यांना वाट निवडावयाची आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावे. मी वहीच्या पानाचा नमुना आणला आहे, तो उतरवून घेता येईल.